तळटीप : ‘टँग’ पाणबुडी

* ‘टँग’ : अमेरिकी नौदलाची पाणबुडी. ऑक्टोबर १९४३मध्ये सेवेत दाखल; कप्तान रिचर्ड ओकेन. लेखकाने तिला केवळ ‘जहाजबुडवी’ म्हटले आहे, ते अपुरे वाटते; १९४४च्या वसंतात ट्रूकजवळ समुद्रात पडलेले २२ विमानकर्मीही तिनेच उचलून आणले. बुडवलेल्या जहाजांचा आकडा युद्धोत्तर समितीने २४ धरला, पुढे तो ३३ मानला गेला. २५ ऑक्टोबर १९४४च्या रात्री, पाचव्या गस्तीत, तैवानच्या सामुद्रधुनीत तिने आपला चोविसावा, म्हणजे शेवटचा टॉर्पेडो सोडला. तो डावीकडे वळला, पृष्ठभागावर उसळ्या घेत गोल फिरला आणि तिच्याच मागच्या भागावर आदळला. वर उभे असलेले ओकेन पाण्यात फेकले गेले; बोट सुमारे १८० फुटांवर तळाला टेकली. पुढच्या टॉर्पेडो-कक्षातून काही जण श्वसनपिशवी लावून बाहेर पडले, पण त्यांतलेही सगळे वाचले नाहीत. ८७ जणांपैकी नऊ जगले आणि जपान्यांच्या हाती लागले. त्यांना बदडणाऱ्यांत ‘टँग’ने बुडवलेल्या जहाजांवरचे भाजलेले खलाशी होते, हे कळल्यावर मार सोसणे जरा सोपे गेले, असे ओकेन यांनी नोंदवले आहे. युद्धानंतर त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले.