कुलाब्याच्या किनाऱ्यावरील गजकर्ण आणि त्यावरचे उपाय

कुलाबा, म्हणजे 1981 पासूनचा रायगड जिल्हा, याच्या किनारपट्टीवर भातखाचर, मिठागर आणि मासेमारी या तिन्ही धंद्यांत माणसाचे अंग ओले राहते. त्यातच हवा दमट असल्याने जांघेत आणि कमरेभोवती गजकर्ण, म्हणजे बुरशीमुळे कडेकडेने पसरत जाणारा खाजरा चट्टा, येथे पावसाळ्यात हमखास बळावतो.

त्यावरचा जुना उपायही पावसातच उगवतो. पहिल्या सरींनंतर बांधावर माजणाऱ्या टाकळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते आणि पुढे शेंगा वाळल्या की त्यांतील बिया आंबट ताकात वाटून चट्ट्यावर लावल्या जातात. आयुर्वेदात हीच वनस्पती चक्रमर्द म्हणून ओळखली जाते. जोडीला करंजाच्या बियांचे कडू तेल असे. तरीही खाज न हटल्यास पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या किंवा महाडजवळच्या सव येथील गरम पाण्याच्या कुंडात स्नान करण्याची रीत आहे. गंधकाचा वास असलेल्या त्या पाण्याने खाज तेवढ्यापुरती शमते. मात्र अति ऊन पाण्याने त्वचेतील स्निग्धता जाऊन ती अधिक कोरडी पडते, हे श्रद्धेने जाणाऱ्यास कोण सांगणार?

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. पोर्तुगीज व्यापारातून गोव्यामार्गे येणारी ही पिवळसर भुकटी ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत साचते, हे बरेच उशिरा उघड झाले. तिचा डाग कपड्यावरून निघत नसे आणि ती डोळ्यांत गेल्यास आग होई. तरीही लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी 1876 च्या सुमारास ती सोरायसिस या चिवट विकारावर वापरली आणि तिच्यातील क्रायसारोबिन या द्रव्याच्या धर्तीवर 1916 मध्ये डायथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध आले. गंमत अशी, की टाकळ्याच्या बियांतही याच कुळातील द्रव्ये असतात. सातासमुद्रापलीकडून आलेल्या महागड्या भुकटीचे भाऊबंद बांधावर फुकट उगवत होते.

अलीकडे मात्र गजकर्णाने चाल बदलली आहे. स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावल्यावर खाज लगेच थांबते, पण बुरशी आत वाढत राहते आणि चट्ट्याचे रूप बदलल्याने निदानही अवघड होते. शिवाय टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ ही बुरशी भारतात पसरली असून तिला हे नाव 2020 मध्ये मिळाले. त्याआधीच, 2018 मध्ये, केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. पण दुकानात नुसते नाव सांगून ती आजही मिळतात.