आशा आणि हक्क : खानदेशातल्या जमिनीचे 'मागचे वारस'

(धरणगाव येथील सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



धरणगावचा इतिहास म्हटला की आपण ठरलेल्या गोष्टी सांगतो. १६७४ ची इंग्रजांची वखार आणि ती मराठ्यांनी लुटली तो प्रसंग. १८२५ नंतर औट्रमच्या भिल्ल पलटणीचं इथलं ठाणं. १८९० मध्ये इथं झालेला बालकवींचा जन्म. आज मी वेगळ्याच इतिहासाबद्दल बोलणार आहे. तो तुमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे. जुनी खरेदीखतं, फेरफाराचे उतारे, एखादं मृत्युपत्र. त्या कागदांत एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो : आज जमीन एकाच्या हाती आहे, पण 'त्याच्यामागे' ती ज्याला मिळायची आहे, त्याचा आज त्या जमिनीवर काही हक्क आहे का?

उदाहरण घेऊ. समजा, १९३० साल आहे. भावांपासून विभक्त झालेला एक शेतकरी वारला. मागे वीस एकर काळी जमीन आणि पंचविशीची बायको. मूलबाळ नाही. जमीन बायकोच्या नावावर लागली, पण ती पूर्ण मालक झाली नाही. पीक तिचं, उत्पन्न तिचं. विकायची मात्र तिला मोकळीक नाही. ती गेली की जमीन तिच्या माहेरी जाणार नाही, नवऱ्याच्या जवळच्या वारसाकडे जाणार. म्हणजे दीर, पुतण्या, चुलतपुतण्या. कोर्टाच्या भाषेत हे 'रिव्हर्शनर'. आपण त्यांना मागचे वारस म्हणू.

आता त्या पुतण्याला वाटतं, जमीन आपलीच आहे, फक्त काकू जायची वाट बघायची. कायदा म्हणतो, नाही बाबा. तुझ्याकडे आहे ती नुसती आशा. काकूच्या आधी तूच गेलास तर? वारस कोण, हे ती जाईल त्या दिवशी ठरेल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं सहावं कलम हेच सांगतं : वारसा मिळण्याची नुसती आशा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. आपल्याकडे म्हण आहेच, पाण्यात म्हैस आणि वर मोल!

पण गंमत अशी, की या आशेला कायद्यानं थोडं संरक्षणही दिलं. विधवेला जमीन विकायची तर 'कायदेशीर गरज' दाखवावी लागे : नवऱ्याचं कर्ज, त्याचं क्रियाकर्म, सरकारी सारा, मुलीचं लग्न, स्वतःचा निर्वाह. गरज नसताना विकली, तर ती विक्री तिच्या हयातीनंतर आपल्याला बांधील नाही, असा दावा मागचा वारस करू शकत होता. म्हणून घेणारा सावकार हुशारीनं खतात गरजेचं कारण लिहून घ्यायचा आणि दिराची संमतीची सही मागायचा. जवळच्या वारसाची संमती असली की गरज खरी होती असं कोर्ट सहसा धरून चालत असे. जुन्या खतावर विधवेच्या अंगठ्याशेजारी दिराची सही दिसली, तर ती बहुधा यासाठी. आणि त्या सहीची किंमत दिरानं काय वसूल केली असेल, ते खतात लिहिलेलं नसतं.

मुंबई इलाख्यात मात्र दोन गोष्टी वेगळ्या होत्या, आणि त्या आपल्या आजी-पणजींच्या बाजूच्या होत्या. खानदेशात मिताक्षरेबरोबर नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखालाही मोठा मान होता. बंगाल-मद्रासमध्ये बापाची जमीन वारशानं मिळालेली मुलगीसुद्धा मर्यादित मालक होई. मुंबई हायकोर्टानं १८८६ मध्ये भागीरथीबाईच्या खटल्यात सांगितलं, की आपल्याकडे मुलगी पूर्ण मालक होते. लग्न होऊन घरात आलेली बाई मर्यादित मालक, घरात जन्मलेली पूर्ण मालक, असा हा भेद.

दुसरी गोष्ट दत्तकाची. बंगालमध्ये विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्यानं दिलेली परवानगी लागे. महाराष्ट्रात ती लागत नाही, असं १८६८ मध्ये रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात मान्य झालं. (डॉक्टर रखमाबाईंचा खटला तो वेगळा, पुढचा.) दत्तक मुलाचा हक्क बापाच्या मृत्यूपर्यंत मागे जाऊन धरला जाई. म्हणजे पुतण्यानं वीस वर्षं वाट बघितली आणि काकूनं एका सकाळी पोरगा मांडीवर घेतला की सगळं संपलं. भाऊबंदकीचे कितीतरी दावे त्या एका मांडीवरून पेटले! १९५६ च्या दत्तक कायद्यानं हे थांबवलं. दत्तकाआधी ज्याच्याकडे मालमत्ता गेली आहे, त्याच्याकडून ती आता दत्तकामुळे काढून घेता येत नाही.

मग, अजून जन्मालाच न आलेल्या नातवाला जमीन लिहून देता येते का? १८७२ मध्ये कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोरांच्या मृत्युपत्रावर प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, हिंदू कायद्यात देणगी घेणारा अस्तित्वात हवा. १९१६ च्या कायद्यानं ती वाट उघडली, पण मोजकीच. आधी हयात व्यक्तीला उपभोग आणि तिच्यामागे न जन्मलेल्याला, असं लिहिता येतं; मात्र त्या न जन्मलेल्याला उरलेलं सगळं द्यावं लागतं. त्यालाही पुन्हा हयातीपुरतंच देऊन पिढ्यानपिढ्या जमीन बांधून ठेवता येत नाही.

आता मुख्य तारीख : १७ जून १९५६. हिंदू वारसा कायदा लागू झाला. त्याच्या चौदाव्या कलमानं हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मर्यादित मालकीची मालमत्ता पूर्ण मालकीची केली. आपल्या उदाहरणातली काकू १६ जूनला वारली असती, तर वीस एकर पुतण्याची. ती १७ तारीख बघून गेली, तर जमीन तिची. विकावी, लेकीसारख्या भाचीला द्यावी, तिची मर्जी. पुतण्याच्या पंचवीस वर्षांच्या आशेला एक रुपयाही भरपाई नाही, कारण आशा म्हणजे मालमत्ताच नव्हे. कायद्याचा हा जुना भेद पहिल्यांदा बाईच्या उपयोगी पडला.

पण मंडळी, याच कलमाला दुसरं पोटकलम आहे. मृत्युपत्रानं किंवा बक्षिसपत्रानंच मर्यादित हक्क दिला असेल, तर तो मर्यादितच राहतो. आजही आपण लिहितो, 'पत्नीने तहहयात उपभोग घ्यावा, तिच्यामागे मुलांनी समान वाटून घ्यावे.' १९७७ मध्ये तुलसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोटगीच्या जुन्या हक्कापोटी बाईला मालमत्ता दिली असेल तर ती पूर्ण मालक. इतर काही निकालांनी मृत्युपत्रातला हयातीपुरता हक्क तसाच ठेवला. निकालांचा मेळ बसेना, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला. म्हणजे 'तहहयात' या शब्दावर आजही आई आणि मुलगा कोर्टात समोरासमोर उभे राहू शकतात. मृत्युपत्र लिहिताना दहा मिनिटं जास्त द्या, एवढंच माझं सांगणं.

श्रोत्यांमधून प्रश्न : दादा, वडील हयात आहेत. भाऊ म्हणतो आत्ताच हक्कसोडवर सही कर. करावी का?

उत्तर : ताई, आधी जमीन कुठली ते बघा. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर २००५ च्या दुरुस्तीनं तुमचा हक्क जन्मापासून आहे. ती आशा नाही, आजचा हक्क आहे, आणि नोंदणी करून सोडला तर खरंच सुटतो. वडिलांची स्वकष्टार्जित असेल, तर त्यांच्या हयातीत तुमच्याकडे सोडायला काही नाहीच. नुसत्या आशेचा हक्कसोड होत नाही. पण सावध राहा. त्या सहीच्या बदल्यात पैसे घेतले असतील, तर नंतर वाटा मागताना कोर्ट तुम्हाला अडवू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं एका बोहरा कुटुंबाच्या खटल्यात तसं केलेलं आहे. आणि भाऊ घाई का करतो आहे, हे त्याला एकदा प्रेमानं विचारा.