भाड्याचे घर : कर्ज, हप्ता आणि भाडेकरूची पारख

भिलाई-3 (छत्तीसगढ) : पोलाद कारखान्याच्या वसाहतीबाहेर, चरोद्याच्या रेल्वे यार्डालगत वसलेल्या भिलाई-3 मध्ये खासगी घरांना रेल्वे कर्मचारी, कंत्राटी कामगार, विद्यार्थी असा भाडेकरू मिळत राहतो. त्यामुळे निवृत्तीची रक्कम किंवा गृहकर्ज घालून दुसरे घर घेण्याचा विचार येथे नवा नाही. मात्र हिशेब आधी मांडलेला बरा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या कमाल 90 टक्के, 30 ते 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के रक्कम मिळू शकते. घराची किंमत 10 लाखांहून अधिक असेल, तर मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. तो खिशातूनच जातो.

समजा, 20 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे 17,356 रुपये येतो. घराला 8,000 रुपये भाडे मिळाले, तर उरलेले 9,000 हून अधिक रुपये दरमहा पगारातून भरावे लागतील. घर दोन महिने रिकामे राहिले, तरी हप्ता थांबत नाही. प्राप्तिकरात वार्षिक भाड्यातून पालिकेचा कर वजा केल्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते. पहिल्या वर्षीचे व्याजच सुमारे 1.68 लाख असल्याने तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत तो वर्षाला 2 लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत नाही. करबचतीच्या आशेवर घर घेणाऱ्यांचा अंदाज बहुधा इथेच चुकतो.

भाडेकरूची पारख करताना त्याचा सिबिल अहवाल घरमालकाला परस्पर मागवता येत नाही. ही माहिती कायद्याने ठरवून दिलेल्या संस्थांनाच मिळते. भाडेकरूने आपला अहवाल स्वतः दाखवला, तर पाहता येतो. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. 300 ते 900 मधला गुणांक कर्जफेडीची सवय सांगतो, भाडे वेळेवर देण्याची नव्हे. त्यापेक्षा नोकरीचे ओळखपत्र, पगारपत्रक आणि आधीच्या घरमालकाशी झालेले बोलणे अधिक उपयोगी पडते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश जिल्हा प्रशासन वेळोवेळी काढते. ते लागू असताना टाळाटाळ केल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो.

महाराष्ट्रातून येथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी एक फरक ध्यानात घ्यावा. 'लिव्ह अँड लायसन्स'ची महाराष्ट्रातील सक्तीची नोंदणी 1999 च्या त्या राज्याच्या कायद्यातली आहे. छत्तीसगढमध्ये 2011 चा भाडे नियंत्रण कायदा आहे. तो प्रथम जिल्हा मुख्यालयांच्या पालिका क्षेत्रांसाठी असून इतरत्र राज्य सरकारच्या अधिसूचनेने लागू होतो, म्हणून आपल्या क्षेत्राची स्थिती आधी तपासावी. या कायद्यात लेखी करार अपेक्षित आहे. कारण न देताही सहा महिन्यांच्या लेखी नोटिशीने घर रिकामे करून मागता येते. पण पुढील 12 महिने ते अधिक भाड्याने देता येत नाही. वाद आधी भाडे नियंत्रकाकडे आणि नंतर न्यायाधिकरणाकडे जातो. न्यायाधिकरणानंतर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची तरतूद मात्र त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2019 मध्ये रद्द केली.