थळझाडा, कुळझाडा आणि गावनमुना : बदलत्या यादीतून नोंद निवडण्याचा प्रश्न

मराठेकालीन गावदप्तराशी ज्यांचा परिचय आहे त्यांना थळझाडा आणि कुळझाडा ही दोन नावे नवी नाहीत. गावातील जमिनीचा थळवार तपशील तो थळझाडा. त्याच जमिनीचा व वसुलाचा कुळवार तपशील तो कुळझाडा. यादी एकाच गावची, पण एकीत जमीन आधी आणि माणूस मागून येतो, तर दुसरीत माणूस आधी आणि जमीन मागून. या दोहोंतील 'झाडा' हा शब्द भाषाभ्यासकाने जरा थांबून पाहण्याजोगा आहे. झाडणे, झडती, झाडाझडती या शब्दकुळातच तो मोडतो. नुसती मांडून ठेवलेली जंत्री असा त्याचा अर्थ नव्हे. तीत झाडून, पाखडून, हवे ते वेगळे काढण्याची क्रिया गृहीत आहे. यादी दाखविणे आणि यादीतून निवडणे या दोन क्रिया आज आपण वेगळ्या समजतो. जुन्या शब्दाने त्या वेगळ्या केल्या नव्हत्या.

त्या काळच्या हिशेबाची एकंदर रचनाही याच धर्तीची होती. रोजकीर्दीत नोंदी ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने उतरत. खतावणीत त्याच नोंदी खातेवार लावल्या जात. तेरजेत त्यांची गोळाबेरीज येई. पहिली वही कधी पुरी होत नाही, दुसरी सतत मागे पडते, आणि दोहोंत मेळ घालणे हे कारकुनाचे काम. पणदऱ्यासारख्या नीराकाठच्या गावात हे काम कुलकर्णी करी. दप्तर त्याच्या घरी असे आणि ते बहुतेकांना वाचता येत नसे. तेव्हा रयतेला यादी दिसे ती ऐकण्यातून. मात्र या व्यवस्थेत एक सोय होती. नाव कसेही उच्चारले, अर्धे सांगितले, बापाचे वा थळाचे सांगितले, तरी कुलकर्णी हवी ती नोंद काढी. काढण्याची इच्छा नसेल तर काढीत नसे, हेही खरे. कुलकर्ण्यांविषयीच्या म्हणी काही उगाच रूढ झाल्या नाहीत.

या पद्धतीला पहिला मोठा छेद गेला तो याच परिसरात. पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल यांनी १८२८ च्या सुमारास केलेली आकारणी फसल्यानंतर इंदापूर तालुक्यात एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नव्याने मोजणी केली, आणि तीस वर्षांच्या मुदतीचा ठराव लागू झाला. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरलेल्या सर्व्हे पद्धतीचा आरंभ इंदापुरातून झाला. तिचे नियम डेव्हिडसन यांच्यासह या दोघांनी १८४७ च्या संयुक्त अहवालात मांडले. बारामतीचा भाग त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडे. तेथेही पुढे हीच पद्धत आली.

महसुलाच्या दृष्टीने या मोजणीची चर्चा पुष्कळ झाली आहे. यादीच्या दृष्टीने तिचा परिणाम असा, की शेताला नावाऐवजी अंक मिळाला. थळाचे नाव गावाबाहेरच्याला कळत नसे. अंक कोणालाही कळतो आणि नकाशावर बोट ठेवून दाखविता येतो. परंतु अंक देताना लहान तुकडे एकत्र करून एकेका नंबरात घातले गेले, आणि नंबरापुढे सरकारदेणे भरणाऱ्याचे नाव लागले. त्यामागील भाऊबंद, वाटेकरी, गहाणदार यादीत राहिले नाहीत. जमिनीचा झाडा उत्तम झाला. माणसाचा झाडा मात्र अर्धवट राहिला.

कोणता कागद कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता हे १२ मे १८७५ रोजी दिसले. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात दंग्याला तोंड फुटले, आणि तेथून तो इतरत्र पसरला तेव्हा लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या रोख्यांवर व वह्यांवर होता. ज्या यादीत आपले नाव आहे पण जी आपल्याला पाहता येत नाही, ती जाळणे एवढाच उपाय त्यांना दिसला. १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा हा त्याचा परिणाम. जमिनीवर प्रत्यक्ष हक्क कोणाचा याची नोंद ठेवण्याचे काम मात्र मुंबई सरकारच्या १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने सुरू झाले.

त्यातून सिद्ध झालेले गावनमुने आजही प्रचारात आहेत. नमुना ६ म्हणजे फेरफार : खरेदी, वारस, वाटणी, बोजा जसजसे घडेल तसतसे क्रमवार. नमुना ७ मध्ये त्या त्या भूमापन क्रमांकाचे हक्क, नमुना १२ मध्ये पिके; दोन्ही मिळून सातबारा. नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराची गावातील सर्व जमीन एकत्र. म्हणजे रोजकीर्द फेरफारात आली, थळझाडा सातबारात आला आणि कुळझाडा ८-अ मध्ये. हा वारसा इंग्रजांनी जाणून घेतला की गरजेने तीच रचना पुन्हा घडली, हा स्वतंत्र विषय आहे. आम्हांस दुसरे अधिक संभवनीय वाटते, कारण बदलती यादी उपयोगी ठेवावयाची तर घटनाक्रम, वस्तू आणि व्यक्ती या तीन वाटांवाचून गत्यंतर नसते.

१ मे १९५१ पासून कुलकर्णी वतन संपले, दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने नमुन्यांना आजचा कायदेशीर आधार दिला. एकत्रीकरणानंतर जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, त्यामुळे आजोबांच्या दस्तातील अंक आणि नातवाच्या उताऱ्यातील अंक यांचा मेळ घालणे हे एक वेगळेच काम होऊन बसले. आणि आता हे दप्तर संगणकावर आले आहे. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव असे एकामागून एक निवडत जावे. मग गट नंबराने किंवा पहिले नाव, मधले नाव, आडनाव यांपैकी एकाने शोध घ्यावा. जुळणाऱ्या नोंदींची यादी समोर येते. जी यादी सुप्याच्या रयतेला दिसत नव्हती ती आता कोणालाही घरबसल्या दिसते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु दिसणे आणि सापडणे यांत अंतर आहे, आणि ते लिपीत आहे. इतिहासाचे अभ्यासक या बाजूकडे सहसा वळत नाहीत. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळला जात नसे. शुद्धलेखनाच्या दृष्टीने तो दोष गणला गेला. शोधाच्या दृष्टीने तो गुण होता, कारण एका नावाचे एकच रूप होई. मोडी मागे पडून नोंदी बालबोधीत उतरल्या तेव्हा प्रत्येक लेखनिकाला ऱ्हस्व की दीर्घ हे आपल्या कानाने वा सवयीने ठरवावे लागले. त्यातच १९६२ च्या लेखननियमांनी अन्त्य इकार-उकार दीर्घ केले. जुन्या वळणाचा 'हरि' आणि 'विष्णु' नव्या वळणाच्या हाताखाली 'हरी' आणि 'विष्णू' झाला. एकाच बापाच्या दोन मुलांच्या उताऱ्यांवर बाप दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. तलाठ्याला तो एकच बाप होता. अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राला, मुद्दाम शिकविले नसेल तर, ते दोन निरनिराळे पुरुष होत.

याहून सूक्ष्म प्रकार कऱ्हेचा. बारामती ज्या नदीकाठी आहे तिच्या नावातील 'ऱ्ह' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडखूण घालून, किंवा 'ऱ' हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडून. कागदावर दोन्ही रूपे एकच दिसतात. संकेतांक भिन्न असतात. कऱ्हावागज हे गावाचे नाव एका रीतीने साठविले आणि दुसऱ्या रीतीने शोधले, तर डोळ्यांना चूक दिसत नाही आणि नोंदही सापडत नाही. पणदरे या नावात ही अडचण नाही असे वाटते, पण फेरफाराच्या मजकुरात नाव विभक्तीत गेले की 'पणदऱ्यात', 'पणदऱ्याचे' अशी सामान्यरूपे येतात आणि तोच 'ऱ्य' पुढे उभा राहतो. शिवाय 'पणदरे' ही चार अक्षरे त्या रूपांत जशीच्या तशी राहतच नाहीत. रोमन लिपीत तर 'ण' आणि 'न' यांचा भेदही मावळतो.

यादीचा क्रमही याला अपवाद नाही. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. म्हणून बारामती तालुक्यातील गावे पणदरे, पवईमाळ, पळशी, पारवडी अशी लागावीत. युनिकोडच्या कोष्टकात 'ळ' हा 'ल'च्या लगत, 'व'च्या आधी आहे. संकेतांकाने लावलेल्या यादीत पळशी पवईमाळच्या वर जाते. शाळेत शिकलेल्या क्रमाने शोधणारा मनुष्य शेवटी पाहतो आणि गाव यादीत नाही असे समजतो.

हा सारा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पुरुषाचे नाव एका रूपात अडले तरी आडनावाने सापडते. विवाहित मुलीची गोष्ट वेगळी आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून तिचे नाव लागते ते कधी माहेरच्या आडनावाने, कधी सासरच्या. कधी इतर हक्कांच्या रकान्यात. लग्नात पहिले नावही बदलले असेल तर पहिले, मधले, आडनाव या तिन्ही वाटा एकदम बंद होतात. १९९४ च्या राज्याच्या आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलीला सहदायादाचा हक्क मिळाला. पण तो ज्या यादीत उमटतो तिच्यात स्वतःला शोधण्यासाठी तिला आधी आपला गट नंबर ठाऊक असावा लागतो. जिला तो ठाऊक नाही ती भावाला विचारते.

नावातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्यास संहितेच्या १५५ व्या कलमाचा आधार आहे. तसा अर्ज मंजूर झाला म्हणजे दुरुस्तीची नोंद नमुना ६ मध्ये नव्या फेरफार क्रमांकाने पडते, आणि ती टंकताना 'ऱ' कोणत्या रीतीने लिहावा हे कोणत्याही नमुन्यात सांगितलेले नसते.