माळव्याचा उन्हाळा आणि वाटेवरचे पाणी

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र ही त्रयी आपल्या भागातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. रात्रीचे एवढे कौतुक का, याचे उत्तर मात्र दिवसात आहे. वैशाखात बदनावरच्या पठारावर दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो, पश्चिमेकडून झळा सुटतात, ज्यांना आपण घरात झळा आणि बाजारात लू म्हणतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंची आणि कोरडी हवा, म्हणून सूर्य मावळला की जमीन लवकर निवते. दिवसभर भाजून निघालेल्या माणसाला ती रात्र अमृतासारखी वाटली तर नवल नाही.

हा कोरडेपणा फसवा असतो. कोकणातून आलेला पाहुणा इथे दोन दिवस खूश असतो, कारण अंगाला चिकचिक नाही. घाम येतो, पण दिसण्याआधीच उडून जातो. उन्हात काबाडकष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जाते आणि त्याबरोबर मीठही. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. वाळ्याचे ओले पडदे, माठ, सुरई ही साधने आपल्याकडे उत्तम चालतात आणि रत्नागिरीला फारशी चालत नाहीत, ती याच कारणाने. याच कोरड्या हवेने एक मोठे कामही केले आहे. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व जानेवारी १९४८ मध्ये देवासला आले ते हवेसाठीच, आणि १९५३ मध्ये पुन्हा गाऊ लागले. अर्थात त्यात स्ट्रेप्टोमायसिनचा वाटा होताच.

उन्हाळ्याशी झगडण्याची धार प्रांताची परंपरा हजार वर्षांची आहे. अकराव्या शतकात धारहून राज्य करणाऱ्या परमार राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'समराङ्गणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. त्यात धारागृहांचे प्रकार दिले आहेत: प्रवर्षण, जलमग्न, नंद्यावर्त इत्यादी. कुठे छतावरून पावसासारखे पाणी पाडायचे, कुठे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या दालनात बसायचे, असा हा थाट. पुढे मांडूच्या सुलतानांनी तीच हौस दगडात उतरवली. चंपा बावडी पाहिलेल्या वाचकांना तिच्या तळाशी उघडणारी तळघरे आठवतील. बाहेर आग ओकत असताना विहिरीच्या अंगाने येणारा गारवा त्या दालनांत खेळत असे. शेजारी कपूर आणि मुंज हे दोन तलाव, मधोमध जहाज महाल. ही रचना पाहून कोणीही चकित होईल. परंतु एवढे दगड ज्यांनी वाहिले, ते दुपारी कोणत्या सावलीला बसत होते, याचा उल्लेख कुठे सापडत नाही.

म्हणूनच अहिल्याबाई होळकरांची नोंद मला वेगळी वाटते. त्यांच्या देवळांची आणि घाटांची यादी आपण पाठ करतो. १८१८ नंतर महूच्या छावणीत राहून सर जॉन माल्कमने मध्य भारताची माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये ग्रंथरूपाने छापली. बाईंना जाऊन तेव्हा अवघी पंचवीस-तीस वर्षे झाली होती, त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. माल्कम लिहितो की उन्हाळ्याच्या महिन्यांत वाटसरूंना पाणी देण्यासाठी बाईंनी रस्त्यांवर माणसे नेमली होती. इतकेच नव्हे, महेश्वरच्या आसपास नांगर चालू असताना बाईंचा नोकर येई, औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. महेश्वर विंध्याच्या खाली, नर्मदेच्या खोऱ्यात. तिथला निमाडी उन्हाळा आपल्यापेक्षाही कडक. आपण हा प्रसंग भूतदया म्हणून सांगतो. मला त्यात कारभारही दिसतो. औत थांबले म्हणजे बैलाबरोबर नांगऱ्यालाही दम खाता येतो, आणि ऐन उन्हात काम करणाऱ्याला नेमके तेच हवे असते: पाणी आणि थोडा वेळ. पाणपोई म्हणा की प्याऊ, पाणी तहानलेल्याकडे चालत गेले, हे महत्त्वाचे.

जुने ते सगळे चांगले, असे मात्र कोणी समजू नये. ज्या पायऱ्यांच्या बावड्यांची आज छायाचित्रे काढली जातात, त्यांतूनच नारू पसरत असे. नारूच्या रोग्याच्या पायाला फोड येतो, आग होते, म्हणून तो पाय पाण्यात बुडवतो. फोडातून जंतूची पिल्ले पाण्यात सुटतात, ती सूक्ष्म सायक्लॉप्सच्या पोटात जातात आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने हातभर लांबीचा नवा नारू तयार होतो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की माणसे बावडीत खोल उतरत, पाय पाण्यातच असत. धार-झाबुआकडील आदिवासी गावांनी हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या सोसला. सरकारने १९८३-८४ पासून नारू निर्मूलनाची मोहीम चालवली: दुहेरी कापडाने पाणी गाळणे, हातपंप बसवणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा बदलणे. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. यासाठी ना लस होती ना औषध. गाळलेल्या पाण्याने हे काम झाले.

पाणी नासले तर काय होते, हे छप्पनच्या दुष्काळानेही दाखवले होते. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. माळव्यात दुष्काळ पडतच नाही, पावलोपावली पाणी आणि भाकरी आहे, या समजुतीला तेव्हा तडा गेला. १९०१ च्या शिरगणतीत धार संस्थानाची वस्ती १८९१ पेक्षा घटलेली दिसते. शेजारच्या दोहद-गोध्र्याकडे मे १९०० मध्ये दुष्काळी कामांवर पटकीची साथ आली आणि भुकेतून वाचलेले मजूर तिने नेले.

पटकी असो की ऊन, शरीरातून जाते ते पाणी आणि मीठ. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य पटकीचे रोगी वाचवले. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यात शोषले जाते आणि त्यामागून पाणीही जाते. आपल्या कैरीच्या पन्ह्यात गूळ आणि मीठ दोन्ही असतात, तेव्हा आजीचे पन्हे अगदीच अडाणी नव्हते. कांदा खिशात ठेवल्याने मात्र ऊन लागायचे थांबत नाही. तो भाकरीबरोबर खावा. आणि उन्हात कोणी बडबडू लागला, त्याची शुद्ध हरपू लागली, अंग भट्टीसारखे तापले, तर त्याच्या तोंडात पन्हे ओतू नये. सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून जोराने वारा घालावा आणि तसेच पाणी मारत दवाखान्यात न्यावे. उष्माघातात मिनिटे मोजावी लागतात.

देवासची गोष्ट तर आपल्या हयातीतली. जुने तलाव बुजले, त्यांवर घरे झाली, कूपनलिकांनी भूजल उपसले आणि १९९० च्या उन्हाळ्यात या शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २००६ नंतर तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली, तेव्हा कुठे भूजलाला थोडा दिलासा मिळाला.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्मा कृती आराखडा आखला. त्यात आगाऊ इशारा आहे, दवाखान्यांची तयारी आहे, आणि ठिकठिकाणी पिण्याचे पाणी व सावलीही आहे. आपल्या बदनावरवरून लेबड-नयागावचा चौपदरी रस्ता जातो. गव्हाच्या काढणीला झाबुआकडची भिल्ल कुटुंबे पोराबाळांसह माळव्यात उतरतात, ती मार्च-एप्रिलच्या उन्हातच. कडेच्या हॉटेलांत पाण्याच्या बाटल्या विकत मिळतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ आणि शेजारी ओगराळे घेऊन बसलेला माणूस या रस्त्याला कुठे कुठे लागतो, हे येत्या वैशाखात एकदा मोजून पाहावे.