बहात्तर तासांचा इतिहास

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी प्लेगच्या साथीवर माझे व्याख्यान होते. आभार झाले, चहा झाला, माणसे पांगली. एक तरुण मात्र रेंगाळला. खालच्या आवाजात म्हणाला, "सर, एचआयव्ही होऊ नये म्हणून नंतर घ्यायची औषधं असतात ना? किती दिवसांत घ्यावी लागतात?" मी म्हणालो, "बहात्तर तासांत." तो बोटांवर मोजू लागला. त्याचा पाचवा दिवस होता.

मी डॉक्टर नाही. बँकेतली नोकरी सांभाळून साथींचे जुने कागद वाचत आलेला माणूस. पण हा आकडा मी त्याला इतक्या सहज सांगितला, तो आला कुठून, याचा शोध त्या रात्रीपासून सुरू झाला.

या औषधोपचाराची सुरुवात झाली ती सुईच्या टोकापासून. बाधित रक्ताची सुई टोचल्याने आरोग्य कर्मचाऱ्याला लागण झाल्याची पहिली नोंद १९८४ची. तेव्हा हाती औषधच नव्हते. झिडोव्ह्युडिन हे रसायन १९६४मध्ये कर्करोगासाठी बनवले गेले आणि बाजूला पडले होते. १९८७मध्ये तेच एड्सवरचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. सुई टोचलेल्या डॉक्टर-परिचारिका ते घेऊ लागल्या. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसतीच गोळी देऊन प्रयोग करणे व्यवहारात जमणारे नव्हते. मग संशोधकांनी उलट बाजूने हिशेब मांडला. लागण झालेले ३३ कर्मचारी आणि सुई टोचूनही वाचलेले ६६५, यांची तुलना केली. औषध घेतलेल्यांत लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसली. हा निबंध १९९७मध्ये प्रसिद्ध झाला.

बहात्तर तासांच्या मर्यादेला आणि अठ्ठावीस दिवसांच्या उपचाराला मोठा आधार मिळाला तो माकडांकडून. सिएटलच्या संशोधकांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माकडांना एचआयव्हीच्या जातकुळीतला विषाणू टोचला होता. चोवीस तासांच्या आत औषध सुरू करून अठ्ठावीस दिवस दिलेली सगळी माकडे वाचली. अठ्ठेचाळीस वा बहात्तर तासांनी सुरू केले, किंवा दिवस कमी केले, की परिणाम घटत गेला. कारण विषाणू शरीरात शिरल्यावर आधी शिरकावाच्या जागी आणि जवळच्या लसिका ग्रंथींत पाय रोवतो. एकदा तो सर्वत्र पसरला, की त्याला उखडता येत नाही. म्हणजे बहात्तर तास ही शेवटची सीमा आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायला हरकत नाही, असा तिचा अर्थ मुळीच नाही.

या इतिहासातले मला खटकलेले पान पुढचे आहे. सुई टोचलेल्यांना औषध देऊ करा, असे अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने १९९६मध्ये सांगितले. शरीरसंबंधातून तीच जोखीम पत्करलेल्यांसाठी तशी शिफारस यायला २००५ उजाडले. मधल्या काळात पुरावा अपुरा असल्याचे कारण दिले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण त्यामागे आणखी एक शंका होती: औषध मिळते म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९९७पासून ४०१ जणांना हे उपचार देऊन पाहिले गेले. पुढच्या वर्षभरात त्यांतल्या बहुतेकांचे जोखमीचे वागणे उलट कमी झाले. परिचारिकेच्या बोटाला मिळालेली सहानुभूती प्रेमिकाला मिळायला नऊ वर्षे लागली.

आपल्याकडे तर चाचणीचीच धास्ती होती. गोव्यात १९८९मध्ये डॉमनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. त्यातून त्याची बाधा उघड झाली, आणि पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. कायदाच तसा होता. संमतीशिवाय चाचणी नाही आणि निकालाची वाच्यता नाही, असे सांगणारा केंद्रीय कायदा २०१७मध्ये झाला व २०१८मध्ये लागू झाला. कायदा बदलला, धास्ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहिली.

त्या तरुणाबरोबर मी दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयातल्या चाचणी केंद्रात गेलो. त्याची ओळख लपवून, त्याच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. समुपदेशक बाईंनी त्याला एकही आगाऊ प्रश्न विचारला नाही. औषधाची वेळ टळली आहे, हे सरळ सांगितले. आजची चाचणी फक्त आधीची स्थिती दाखवील. पुन्हा सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी या, तोवर निरोध वापरा, असे कागदावर लिहून दिले. १०९७ हा फुकट हेल्पलाइनचा क्रमांकही त्याच कागदावर होता.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. "निगेटिव्ह आहे, सर." मी विचारले, "पहिले तीन दिवस काय करत होतास रे?"

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "विचारायचं कुणाला, ते ठरवत होतो."

माझ्या वहीतल्या सनावळीखाली मी ते वाक्य तसेच उतरवून ठेवले आहे.