वळकटीवाला गडी

ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं की एक गडी डोळ्यापुढं येतो. रुंद काठाची टोपी, उन्हानं रापलेलं तोंड, पाठीवर वळकटी, हातात चहाचं काळं पडलेलं डबडं. बोलणं मोजकं. मालकापुढं वाकायचा नाही, पण सोबत्यासाठी जीव टाकील. कधी घोड्यावरनं गुरं हाकतो, कधी गावोगाव फिरून मेंढ्यांची लोकर कातरतो. तिकडं रानाला बुश म्हणतात, म्हणून हा बुशमन. त्या देशानं 'आम्ही असे' म्हणून ह्यालाच पुढं केलं.

आता गंमत बघा. १८९१ साली व्हिक्टोरिया वसाहतीतल्या दर दहा माणसांतली चार एकट्या मेलबर्न शहरात राहत होती. शहरं फुगत होती, आणि नेमकं त्याच वेळी हे रानातलं चित्र घडत होतं. ते घडलं छापखान्यात. १८८० साली सिडनीत 'द बुलेटिन' साप्ताहिक निघालं, त्यानं हा गडी घरोघर पोचवला. घोडेस्वाराच्या कवितेनं १८९० साली गाजलेल्या बँजो पॅटरसनचं लहानपण रानात गेलं खरं, पण तेव्हा तो सिडनीत वकिली करत होता. हेन्री लॉसनला हे गोडगोड रान पटेना. १८९२ साली दोघांनी त्याच साप्ताहिकात कवितांतून वाद घातला. त्याच साली लॉसन आगगाडीनं बर्क गावाला गेला आणि तिथनं भर उन्हाळ्यात हंगरफोर्डपर्यंत पायी चालला. त्याच्या लिखाणात धूळ आहे, दुष्काळ आहे, आणि नवरा लांब गेल्यावर चार पोरं नि एक कुत्रा घेऊन सापावर रात्रभर पाळत ठेवणारी बाई आहे. चित्रातल्या गड्याच्या शेजारी ही बाई मात्र कुणी उभी केली नाही.

सगळंच खोटं होतं असंही नाही. १८९१ साली क्वीन्सलंडात लोकर कातरणाऱ्यांनी मोठा संप केला. सरकारनं फौज पाठवली, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. सोबत्याला धरून राहणं ही त्यांना पोटाची गरज होती. पुढं मजूर पक्ष उभा राहिला, त्यामागं हा संपही होता. पण ह्या दोस्तीला कुंपण होतं. चिनी मजुराला त्यांच्या संघटनेत जागा नव्हती. १९०१ साली वसाहती एक होऊन देश झाला आणि त्याच साली गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवणारा कायदा आला.

रानात राबणारे काही फक्त गोरे नव्हते. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट नेले, त्यांच्याबरोबर आपल्याकडचे उंटवालेही गेले. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात. रेल्वे नि मोटारी पोचेपर्यंत वाळवंटातला माल उंटांनीच ओढला. उत्तरेकडच्या गुरांच्या वाड्यांवर मूळचे आदिवासी गडी राबायचे, पण त्यांची मजुरी तुटपुंजी. १९६६ साली व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागं गुरिंजी लोक वेव्ह हिलवरनं काम टाकून निघाले. मजुरीबरोबर त्यांनी आपली जमीन मागितली. नऊ वर्षं दम धरला. १९७५ साली पंतप्रधान गफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या हातात मूठभर माती ओतली.

१९१५ साली गॅलिपोलीत सैनिक लढले, तेव्हाही सी. ई. डब्ल्यू. बीन यांनी त्यांचं शौर्य रानातल्या वळणाचं मानलं. त्यांतले बरेचसे शहरातले कामगार नि कारकून होते. १९५८ साली रसेल वॉर्ड यांनी 'द ऑस्ट्रेलियन लिजंड' हे पुस्तक लिहून ह्या गड्याचं मूळ शोधलं, आणि तिथनं वाद आणखी रंगला.

मातीत राबणाऱ्याचं चित्र भिंतीवर लावणं सोपं असतं. टोपी, घोडा, चुलीवरचा चहा, एवढं काढलं की झालं. त्याला मजुरी किती मिळाली, जमीन कुणाच्या नावावर होती, घरात मागं कोण राहिलं, हे चित्रात मावत नाही. शेतकऱ्यानं दुसऱ्या मुलखाचा इतिहास वाचावा तो ह्यासाठीच. आपलं चित्र कोण काढतंय आणि त्यात कुणाला गाळलंय, हे मग आपल्या दारातही ओळखू येतं.